समुद्र रोज दिसतो, मग सहल कशाला?

‘बाई, आमची पोरं जन्मल्यापासून समुद्रच बघतायत. आता तर मोबाईलवर अख्खा किनारा दिसतो. मग त्यांना परत किनाऱ्यावर कशाला नेता?’ पालकसभेत हे दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्यांत होडीवर जाणारे वडील असतात, कालवं काढणाऱ्या आया असतात. समुद्र त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतो, त्यामुळे प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी दापोली तालुक्यात भूगोल शिकवते. जानेवारी २०२२मध्ये वेळासच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, अंडी घालून परत निघालेल्या एका ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाच्या मादीच्या पाठीवर भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी ती कुठे जाते ते कळावं म्हणून उपग्रह ट्रान्समीटर बसवला. तिचं नाव ठेवलं प्रथमा. पाठोपाठ आंजर्ल्याची सावनी, गुहागरच्या वनश्री, रेवा आणि लक्ष्मी. पुढच्या वर्षी गुहागरहूनच बागेश्री आणि गुहा निघाल्या. आमच्या वर्गात भिंतीवरचा नकाशा वर्षानुवर्षं नुसता लटकत होता. त्या दिवसांत मुलं शाळा भरायच्या आधीच विचारायला लागली, ‘बाई, आज कुठे पोचली?’

मग आम्ही इंटरनेटवर वर्गाचा स्वतःचा नकाशा केला. बातमीत एखादं ठिकाण आलं की मुलं तिथे खूण टाकायची आणि मागच्या खुणेला जोडायची. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली तेव्हा गुहागर ते श्रीलंका अशी रेघ ओढली, ती सरळ दक्षिण भारतावरून गेली. सातवीतला एक मुलगा उठून म्हणाला, ‘बाई, ही घाट चढून गेली काय?’ वर्ग हसला, पण मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला. कासव श्वास घ्यायला वर येतं तेव्हाच उपग्रहाला त्याचा पत्ता लागतो. पाण्याखाली असेल तोवर काहीच कळत नाही. ठिपका कासवाचा असतो, दोन ठिपक्यांमधली रेघ आपली. हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं, आणि रेघ समुद्रातून फिरवून घेताना केरळ, कन्याकुमारी, मन्नारचं आखात ही नावं पाठ करायला लावावी लागली नाहीत.

पण एवढा समुद्र फिरणारी मादी अंडी घालायला नेमकी आमच्याच पुळणीवर का येते, ते पडद्यावर दिसत नाही. त्यासाठी जावं लागतं.

पहिली सहल फसली, तेही सांगते. शाळेच्या वेळापत्रकात एक शनिवार मोकळा होता. मी पन्नास मुलं घेऊन खडपांवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खडकांवर, गेले, तर खडप निम्मीअधिक पाण्यातच. आम्ही तासभर नुसते उभे. एका मुलीची आजी तिथे कालवांची टोपली घेऊन बसली होती. म्हणाली, ‘बाय, अष्टमीला कसली ओहोटी? भांग आहे.’ अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढतं-उतरतं ती भांगाची भरती, अमावास्या-पौर्णिमेला जास्त चढतं-उतरतं ती उधाणाची, हे मी इतकी वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवत होते आणि सहलीचा दिवस ठरवताना तिथी बघितली नव्हती. आता बघते. कोकणातला जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. उधाणाचं पाणी लांब हटतं आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास खडप उघडं पडतं. मुलं आता हा हिशेब घरी करून आणतात, वर्गात भरती-ओहोटीच्या वेबसाईटवर ताडून बघतात, आणि दहापंधरा मिनिटांचा फरक निघाला की तो का निघाला यावर भांडतात.

कासवांसाठी मात्र पहाट लागते. गेल्या फेब्रुवारीत आंजर्ल्याला उजाडताना पोचलो. अंडी राखणारे गावातले कासवमित्र पुढे चालत होते. ओल्या वाळूतून लहान ट्रॅक्टर गेल्यासारखी खूण वर चढली होती. डावा पाय, उजवा पाय, आळीपाळीने उमटलेले. मुलं वाकून बघत तिच्या कडेकडेने चालली. खूण भरतीच्या रेषेच्या वर गेली, सुरूच्या झाडांच्या अलीकडे थांबली, तिथे वाळू उलथीपालथी झालेली, आणि मग दुसरी खूण वळून पाण्याकडे. कासवमित्रांनी हाताने वाळू काढली. साधारण दीड फूट खोल गेल्यावर पांढरी, मऊ सालीची अंडी लागली. एकेक उचलून मोजली, एकशे बारा. हॅचरीत, म्हणजे अंडी सुरक्षित उबावीत म्हणून कुंपण घातलेल्या जागेत, तेवढाच खोल खड्डा करून ठेवली. वाळू किती तापते यावर पिल्लं नर होणार की माद्या हे ठरतं, हे कळल्यावर एका मुलीने आपला तळवा वाळूवर ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

त्या खुणेची जागा मुलांनी मोबाईलवर टिपून घेतली. शाळेत आल्यावर आमच्या नकाशावर आणखी थर चढले. भरतीची रेघ, सुरूची बनं, खाडीचं तोंड आणि रात्री जळणारे दिवे. दिव्यांचा थर माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा, कारण पिल्लं उजेडाकडे धावतात आणि उजेड रस्त्याकडे असला तर ती समुद्राकडे पाठ फिरवतात. उपग्रहाच्या चित्रात पुळण रिकामीच दिसते. मुलांच्या नकाशात तिच्यावर बारा दिवे होते. त्यातला एक वर्गातल्याच एका मुलाच्या अंगणातला निघाला. आठवड्याभराने तो सांगत आला की बाबांनी दिव्याचं तोंड पुळणीवरून दुसरीकडे वळवून वर पत्र्याचा आडोसा लावला. तेव्हा नकाशावरचा तो दिवा आम्ही खोडला.

२०२५च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूचा बिल्ला सापडला. ०३२३३. हा क्रमांक तिला २०२१मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर मिळाला होता. मी बातमी वर्गात वाचून दाखवली आणि नकाशा उघडला. घाट चढण्याबद्दल विचारणारा तो मुलगा आता वरच्या वर्गात, त्याला बोलावून घेतलं. त्याने ओडिशाला एक ठिपका ठेवला, गुहागरला दुसरा. रेघ ओढायला धाकटी मुलं पुढे सरसावली तर त्याने थांबवलं. ‘मधली चार वर्षं कुणी बघितलेली नाहीत,’ म्हणाला. अजून ते दोन ठिपके तसेच आहेत, मधे काही न काढता.