बाळाचा इसब आणि आमच्या घरातली आंघोळ

लेक चौथ्या महिन्यात असताना तिचे गाल लालबुंद आणि खरबरीत व्हायला लागले. नाशिकची थंडी सुरू झाली होती, म्हणून 'गाल उललेत' एवढ्यावर विषय संपला. मग कपाळ, मग पोटऱ्या. रात्री गादीवर गाल घासून घासून रडायची. उष्णता बाहेर पडतेय, दात येतायत, तू दही खातेस म्हणून: घरबसल्या निदानं भरपूर मिळाली.

त्वचेच्या डॉक्टरांनी आधी तिचा लंगोट उघडून पाहिला. तिथली त्वचा नितळ होती; इसब सहसा तिथे येत नाही. मग विचारलं, घरात कुणाला दमा, सर्दी-शिंकांची अ‍ॅलर्जी? मला आहे. "मग हा इसबच. अ‍ॅटोपिक डर्मटायटिस. कुणाकडून लागलेला नाही, कुणाला लागणार नाही. रक्त तपासायची गरज नाही."

त्यांनी समजावलं ते असं. त्वचेचा वरचा थर म्हणजे विटांची भिंत धरली, तर अशा बाळांच्या भिंतीत सिमेंट कमी असतं. काहींमध्ये फिलॅग्रिन नावाचं प्रथिन जन्मतःच कमी बनतं. आतलं पाणी उडून जातं, बाहेरचा साबण, घाम, धूळ आत शिरते, त्वचा चिडते, खाज सुटते. खाजवलं की भिंत आणखी खचते. हे मुळापासून बरं करणारं औषध नाही, आटोक्यात मात्र ठेवता येतं, आणि बऱ्याच मुलांचा त्रास शाळेच्या वयापर्यंत कमी होतो.

औषधांची चिठ्ठी छोटीशीच होती. खरं काम घरी होतं, कारण डॉक्टरांनी बोट ठेवलं ते थेट आंघोळीवर. आमच्याकडे मालिशवाल्या मावशी यायच्या. मोहरीच्या तेलाने रगडून मालिश, मग साय-डाळीचं पीठ लावून चोळणं, कढत पाणी, शेवटी ओवा-वेखंडाची धुरी. यातली प्रत्येक गोष्ट एकतर बंद करायची होती, नाहीतर बदलायची. सासूबाई म्हणाल्या, "आमची मुलं काय पिठाशिवाय वाढली?" वाद घालण्यापेक्षा पुढच्या भेटीला मी त्यांनाच सोबत नेलं. डॉक्टर त्यांना म्हणाले, "आजी, पीठ चांगल्या कातडीला चालून जातं, हिची कातडी सोललेल्यासारखी आहे. मालिश सोडू नका, फक्त हात हलका ठेवा आणि तेल खोबऱ्याचं घ्या." मालिश राहिली म्हटल्यावर पीठ सुटलं. मावशी मात्र आठवडाभर रुसल्या होत्या.

आता आंघोळ कोमट पाण्याची, पाच ते दहा मिनिटांची. बिनवासाचा सौम्य क्लेंझर, तोही मळ असेल तिथेच. टॉवेलने टिपायचं, पुसायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत मॉइश्चरायझर. बोटभर नव्हे. लहान बाळालासुद्धा आठवड्याला शंभर ग्रॅमपर्यंत लागू शकतं, हे ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. महागड्या बाटल्या परवडेनात तेव्हा साधी पांढरी पेट्रोलियम जेली घेतली. डॉक्टरांचं त्यावर काहीच म्हणणं नव्हतं. लाळेने हनुवटी चिडते, म्हणून दूध पाजायच्या आधी तिथेही जेलीचा हात.

दुसरी लढाई स्टेरॉइडची. चिठ्ठीवर हायड्रोकॉर्टिझोन १ टक्का, म्हणजे लाली-सूज उतरवणारं सौम्य स्टेरॉइड, पाहून नवऱ्याने ट्यूब दोन दिवस कपाटातच ठेवली. दरम्यान शेजारच्या ताईंनी 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब आणून दिली. डॉक्टरांनी ती बघितली आणि जवळजवळ ओरडलेच. त्यात क्लोबेटासोल, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र होतं. क्लोबेटासोल हे सर्वांत कडक स्टेरॉइडांपैकी एक, बाळाच्या गालाची त्वचा पातळ करून टाकणारं. आमच्याकडे असल्या ट्यूब चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतात, याचा मला अजून राग येतो. सौम्य स्टेरॉइड मात्र सांगितलं तितके दिवस, लाल भागावर, पुरेसं लावायचं. घाबरून टिकलीएवढं लावलं की चट्टा रेंगाळतो आणि ट्यूब जास्त दिवस लागते. मापही दाखवलं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ओढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. जेली आणि ट्यूब यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवतो.

माझं दही, अंडी, डाळ काहीच बंद झालं नाही. खाल्ल्यावर लगेच गांधी उठल्या, उलटी झाली, तर सांगा, एवढंच. उलट सहाव्या महिन्यानंतर शेंगदाण्याचं बारीक कूट खिमटीत कालवून द्यायला सांगितलं. २०१५ साली लंडनमधल्या एका चाचणीत दिसलं होतं की लवकर सुरुवात केलेल्या बाळांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कमी होते. इसब तीव्र असेल तर मात्र आधी तपासणी करूनच द्यायचं. अख्खा दाणा कधीच नाही.

फ्रिजवर एक कागद चिकटवलाय: पिवळी खपली धरली, चट्ट्यातून पाण्यासारखी लस वाहिली, ताप आला तर डॉक्टर; एकसारखे बारीक फोड झपाट्याने पसरले तर त्याच दिवशी, कारण तो नागिणीच्या जातीतल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो. ओठावर त्याच विषाणूचे फोड (ज्याला आपण 'जर' म्हणतो) आलेल्या पाहुण्यांनी पापी घ्यायची नाही, हेही त्यावरच आहे. सासूबाई पाहुण्यांना तोच कागद वाचून दाखवतात. लसीकरण वेळेवर चालू आहे.

आता ती रांगते, चट्टे कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत सरकलेत. आत्याने विणलेला लोकरी स्वेटर सुती झबल्यावरूनच घालतो, नखं दर दोन-तीन दिवसांनी कापतो. महिन्याभरापूर्वी पुन्हा फुललं होतं, ट्यूब लावली, चार-पाच दिवसांत बसलं. पुढच्या महिन्यापासून पाळणाघर. तिथल्या ताईंसाठी जेलीचा वेगळा डबा आणि छोटा चमचा तयार ठेवलाय.