शेण न्यायचे पैसे कोण देतं?

सुट्टीवर नागपूरला आले की नेदरलँड्सबद्दलचे प्रश्न ठरलेले असतात: थंडी किती, पगार किती, भेंडी मिळते का. तान्ह्या पोळ्याला काटोलकडचे मामा घरी होते. पोरं लाकडी बैल सजवण्यात गुंतली होती आणि मामांनी थेट मुद्द्याला हात घातला, "तिकडच्या गाई दूध किती देते?"

वर्षाला नऊ हजार लिटरच्या आसपास, मी म्हटलं. मामांची गवळाऊ गाय एका वेतात सहाशे-सातशे लिटर देते. पण गवळाऊ मुळात चपळ बैलांसाठी जपलेली जात, दूध हा तिचा जोडधंदा. त्यामुळे या आकड्याचं त्यांना काही वाटलं नाही. ते चमकले पुढच्या गोष्टीवर. मी राहते त्या फ्रीसलँड भागात जास्तीचं शेण न्यायला टँकर बोलवावा लागतो आणि त्याचे पैसे शेतकरी स्वतःच्या खिशातून देतो.

"शेन न्याचे पैसे तोच देते? काहून?"

मामांचा प्रश्न रास्त होता. संत्र्याच्या मोठ्या झाडाला वर्षाकाठी चाळीस-पन्नास किलो शेणखत लागतं, आणि बागेपुरतं घरचं निघत नाही म्हणून ते दरवर्षी ट्रॉल्या विकत घेतात. आमच्याकडे भाव मिळतो तो जिन्नस तिथे डोकेदुखी कसा, हे समजायला आधी देश केवढा ते पाहावं लागतं. नेदरलँड्स विदर्भाच्या निम्म्याहूनही लहान. त्यात पस्तीस लाखांच्या वर गाई-वासरं, कोटभर डुकरं आणि दहा कोटींच्या घरात कोंबड्या. एवढ्या जनावरांचं खाद्य त्या जमिनीत पिकतच नाही. ब्राझीलचं सोयाबीन बोटीने रॉटरडॅमला उतरतं, दूध-चीज-मांस होऊन ट्रकने जर्मनी-फ्रान्सला जातं. शेण मात्र तिथेच राहतं. म्हणजे ब्राझीलच्या मातीतला कस दर वर्षी डच मातीत येऊन साचतो.

मग नियम येतात. युरोपच्या १९९१च्या नायट्रेट कायद्यानुसार एका हेक्टरला जनावरांच्या खतातून जास्तीत जास्त १७० किलो नत्र (नायट्रोजन) टाकता येतं, कारण त्यापुढचं झिरपून विहिरीत-कालव्यात उतरतं. डच लोकांनी कुरणांच्या नावाखाली बरीच वर्षं २५० किलोपर्यंत सवलत मिळवली होती. ती टप्प्याटप्प्याने कमी होत २०२५अखेर संपली. जमीन तेवढीच, गाई तेवढ्याच, शेण टाकायची मुभा कमी. टँकर महागणार नाही तर काय?

आणि ते आपल्यासारखं शेण नसतंच. गोठ्याची जमीन फटींची असते. शेण आणि मूत दोन्ही खालच्या हौदात पडून एकत्र होतात. एका दुभत्या गाईमागे वर्षाला पंचवीसेक टन असा राडा साचतो. शेण-मूत मिसळलं की अमोनिया, म्हणजे नत्राचाच एक वायू, उडतो, तो वाऱ्याने रानावर, हीद नावाच्या झुडपांच्या माळांवर जाऊन बसतो आणि तिथली नाजूक झाडं मरून गवत माजतं. म्हणून राडा वरून शिंपडायलाही बंदी. जमिनीला चिरा पाडून त्यात सोडायचा, तोही हिवाळ्यात नाही. फेब्रुवारीच्या मध्यात बंदी उठली की आमच्या गावात धुतलेले कपडे बाहेर वाळत घालायची सोय राहत नाही!

२०१९च्या मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने असं नत्र हवेत सोडायचे परवाने देण्याची सरकारी पद्धत रद्द केली आणि ऑक्टोबरात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगला धडकले. पुढे संरक्षित जंगलांजवळचे गोठे सरकारच विकत घ्यायला निघालं. आपल्याकडे गाई घ्यायला अनुदान मिळतं, तिथे गोठा बंद करायला. आणि हे आमच्या फ्रीसलँडमध्येही, जिथे लेउवार्डन शहरात १९५४पासून गाईचा कांस्यपुतळा दिमाखात उभा आहे.

"गोऱ्ह्याचं काय करते?" मामांनी मध्येच विचारलं. खरं ते सांगितलं: दोनेक आठवड्यांचा झाला की मांसासाठी पोसणाऱ्यांकडे जातो. मामी उठून आत गेल्या. मामा म्हणाले, इथे २०१५पासून कायद्याने कापता येत नाही आणि ट्रॅक्टर आल्यापासून जुंपायलाही कोणी नेत नाही, "मंग सोडून देते लोकं रस्त्यावर." या बाबतीत कोणी कोणाला शिकवावं अशी परिस्थिती नाही, असं माझं मत.

मग त्यांचं व्यवहारी डोकं चाललं. "एखांदा टँकर पाठवून दे नं आमच्या संत्र्याले." पण त्या राड्यात नव्वद टक्के पाणी, परवडेल कसं? कोंबडीखत कोरडं, त्याला मात्र गिऱ्हाईक आहे. तिकडे मुर्डाइकला २००८पासून ते जाळून वीज करणारा कारखाना चालतो, आणि उरलेली राख स्फुरद-पालाशसाठी (फॉस्फरस-पोटॅशसाठी) खत म्हणून विकली जाते.

"अन् नत्र?"

ते धुराड्यातून जातं.

"मंग काय फायदा!" मामांचा हिशेब सरळ. सोयाबीन निघालं की ते शेतात काठेवाडी मेंढपाळांच्या मेंढ्या रात्रभर बसवतात. लेंडी आणि मूत जागच्या जागी पडतं, वाहतूक शून्य; काठेवाड्याला पैसे नाहीतर धान्य.

यावरून मला तिथलं 'कुरणातलं दूध' आठवलं. गाय चरायला सुटली की शेण एका जागी पडतं, मूत दुसऱ्या, आणि अमोनिया कमी उडतो. शिवाय हिरव्या कुरणात गाई दिसल्या की गिऱ्हाईकही खूश. म्हणून वर्षात किमान १२० दिवस, रोज सहा तास गाई बाहेर सोडल्या तर डेअरी दुधाला वर थोडा भाव देते.

"गाय चाराले सोडाचे पैसे भेटते?" मामा खो खो हसायला लागले. "आमच्या गुराख्याले सांगू नको बरं, तो उद्याच पासपोर्ट काढीन."