पौष अमावास्या, दक्षिणेचं आकाश

बुधवार, 29 जानेवारी 2025

खानदेशात दुर्बीण लावायला पौषाची अमावास्या उत्तम, पण जागा चुकली तर ती वाया जाते. यावल-रावेरचा केळीपट्टा रात्री टाळावा. बागांना पाणी चालू असतं, हवा ओली राहते आणि आरशावर लवकर दव धरतं. शिवाय तापीच्या उत्तरेला बसलं की जळगाव-भुसावळचा उजेड दक्षिणेला येतो, आणि आज पाहायचंय ते दक्षिणेलाच. म्हणून पाचोरा-भडगावकडचा बरड माळ. जवळपास कुणी पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं) पेटवल्या नाहीत ना, एवढं आधी बघून घ्यावं. थंडीत तो धूर वर चढत नाही, क्षितिजालगत पसरून राहतो.

मन खरं तर चाळीसगावजवळच्या पाटणादेवीकडे ओढतं. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला. शके 1128चा तो शिलालेख तिथलाच. पण तिथे डोंगर नेमका दक्षिणेला उभा, आणि जागा अभयारण्यातली.

दुर्बीण 8 इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा बनते तिथपर्यंतचं) 1200 मिलिमीटर. ती मावळतीलाच माळावर उघडी ठेवायची. खोलीतला आरसा कोमट असतो, माळावरची हवा झपाट्याने गार होते, आणि तापलेली काच नळीच्या आत हवा हलवत राहते. ओळखायची खूण सोपी: ठळक तारा मुद्दाम थोडा फोकसबाहेर काढावा. चकतीच्या एका कडेने ज्योतीसारखं काही वर सरकताना दिसलं तर आरसा अजून गार झालेला नाही. तासभर धीर धरावाच लागतो. आरशामागे 12 व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा लावला तर वेळ बराच वाचतो.

गाडीरस्त्याने धक्के खाऊन आलेल्या दुर्बिणीचं कॉलिमेशन, म्हणजे आरशांची एका रेषेतली जुळणी, हललेलंच असतं. मागचे लॉकचे स्क्रू आधी सैल करावेत, मग तीन स्क्रूंनी आरसा जुळवावा, प्रत्येक वेळी फार तर पाव फेरा. शेवटी लॉक कसताना जोर लावला की सगळं पुन्हा सरकतं. बोटाने टेकवले तरी पुरे. फोकसबाहेरच्या ताऱ्यातली वर्तुळं एककेंद्री हवीत. तारा तिकोनी दिसला तर तो दोष कॉलिमेशनचा नसतो. आरसा धरणाऱ्या क्लिपा जास्त आवळल्या गेल्यात. क्लिप आणि काच यांच्यामध्ये कागद सरकेल एवढी फट हवी.

गुरू रोहिणीशेजारी झळकतोय, मंगळ पुनर्वसूत. दोघांकडे धावती नजर टाकली तरी चालेल, त्यांची रात्र पुन्हा येते.

साडेनऊच्या सुमारास मृगातला तेजोमेघ बरोबर दक्षिणेला असतो. 25 मिलिमीटरच्या आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात), म्हणजे 48 पटीत, त्याचे पंख पूर्ण मावतात. 10 मिलिमीटर घालून 120 पटीत मधले चार तारे सुटे दिसतात. तिथेच पाचवा तारा स्थिर दिसला तर हवा शांत आहे असं समजावं आणि व्याधाचा जोडतारा पाहायला घ्यावा. तो सध्या व्याधापासून सुमारे 11 विकलांवर आहे (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग). अवघड आहे ते अंतर नव्हे, व्याधाचं तेज. आधी मृगातल्याच राजन्याचा (रायगेलचा) जोडतारा पाहावा. तो 9 ते 10 विकलांवर, पण राजन्य इतका प्रखर नाही. तोच दिसला नाही तर व्याधाच्या नादी लागू नये. दिसला तर बार्लो (पट दुप्पट करणारं भिंग) लावून 240 पट, मग दुर्बीण न हलवता व्याधाला दृष्टिक्षेत्रातून सरकत बाहेर जाऊ द्यावं. जोडतारा त्याच्या मागून येतो. युरोपात व्याध क्षितिजापाशीच लोळतो, आपल्याकडे तो पन्नास अंशांहून वर चढतो. हा फायदा इथे बसणाऱ्यांनी घ्यायलाच हवा!

सव्वादहानंतर अगस्त्य. सर्वांत वर असतानाही जेमतेम साडेसोळा अंशांवर, हात लांब करून धरलेल्या दीड मुठीपेक्षा थोडा उंच. तिथे डोक्यावरच्या तुलनेत साडेतीनपट हवेतून बघावं लागतं, म्हणून त्याच्या एका कडेला लाल, दुसऱ्या कडेला निळं फाटतं. दोष दुर्बिणीचा नाही. पट वाढवून काही सुधारत नाही.

मध्यरात्रीनंतर दव. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) आधी जातो, मग आयपीस, मग नळीच्या तोंडाजवळचा छोटा दुय्यम आरसा. काळ्या फोमच्या चटईची गुंडाळी नळीच्या तोंडाशी एक फूट पुढे काढली तर दुय्यम आरसा बराच टिकतो. आयपीस खिशात ठेवावेत. दव पुसायचं नाही, कोटिंगला ओरखडे पडतात. गाडीच्या बॅटरीवरचा ड्रायर लांबून, कमी उष्णतेवर फिरवावा.

खरी कमाई पहाटेची. पाच-सव्वापाचला चित्रा दक्षिणेला आली की तिथून सरळ खाली साडेतीन मुठी उतरायचं. तिथे नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी, ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ. उत्तरेला ध्रुव जेवढा वर, जवळपास तेवढाच हा दक्षिणेला. नुसत्या डोळ्यांना धूसर तारा, 48 पटीत दाणेदार गोळा, आणि 120 पटीत नजर जराशी बाजूला ठेवली की कडेचेच नव्हे तर मधलेही तारे सुटतात. सुमारे 17,000 प्रकाशवर्षांवरचे तारे, एकेक वेगळा. पावणेसहाला पूर्व फिकट व्हायला लागते, तेवढाच वेळ हाताशी.

आवरताना ओल्या आरशावर झाकण घालू नये. घरी नेऊन नळी आडवी ठेवावी, दोन्ही टोकं उघडी, वरून विरळ सुती कापड. दुपारी पूर्ण वाळल्यावरच झाकण.