आमची वाटचाल: मखरापासून वाढदिवसाच्या टेबलापर्यंत

वेंगुर्ल्यात आमच्या घराच्या पडवीत हे काम चालतं. मुलांच्या वाढदिवसाला टेबलाच्या मधोमध ठेवायचे सेंटरपीस आम्ही हाताने बनवतो. कासव, खेकडा, धनेश, होडीतला नाखवा, दशावतारातला राजा, असं एकेक पात्र पुठ्ठा, करवंटी आणि कागद यांतून उभं करायचं आणि त्याच्याभोवती त्या मुलाचं टेबल मांडायचं.

मुळात आमचं घर मखरांचं. नवरा आणि दीर चतुर्थीआधी थर्माकोलची मखरं कापून द्यायचे. 2018 साली राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली आणि आम्ही पुठ्ठ्याकडे वळलो. बंदीमुळे मेहनत वाढली, पण मला तो निर्णय तेव्हाही पटला होता. भरतीबरोबर किनाऱ्यावर येणारे थर्माकोलचे पांढरे दाणे ज्याने वेचायचा प्रयत्न केलाय, त्याला वेगळं सांगायला नको. अडचण एवढीच होती की भाद्रपद सरला की हात मोकळे. त्याच सुमाराला पुतण्याचा वाढदिवस आला. नवऱ्याने उरलेल्या पुठ्ठ्याची शिडाची होडी करून टेबलावर ठेवली आणि आलेल्या आयांनी तिथेच विचारलं, आमच्याकडे पण कराल का?

पहिल्या ऑर्डरी सगळ्या छोटा भीम नाहीतर डोरेमॉनच्या. मुलांचा त्यांच्यावर जीव असतो, ते मला मान्यच आहे. पण ही पात्रं त्यांच्या त्यांच्या कंपन्यांच्या मालकीची. आईबापांनी घरात हौसेने करणं वेगळं आणि आम्ही परवान्याशिवाय पैसे घेऊन विकणं वेगळं. म्हणून आम्ही नम्रपणे नाही म्हणतो आणि लगेच दुसरी वाट सुचवतो. भीम हवा असेल तर टेबलावर केशरी कापड अंथरा, पितळी परातीत खऱ्या लाडवांची रास लावा, मुलाचा स्वतःचा भीमाचा बाहुला त्या राशीशेजारी बसवा. मागचा डोंगर, झाडं, गावाची वेस आम्ही करून देतो. त्या टेबलावर मुलाची ओळखीची, रोज उशाशी घेऊन झोपायची वस्तू असते, आणि छापील कटआउटपेक्षा ती केव्हाही सरस.

आमची स्वतःची पात्रं मात्र इथल्याच मातीतली आहेत. दशावतार पाहत रात्र जागवणाऱ्या मुलांना राजा आणि राक्षस वेगळे सांगावे लागत नाहीत. रत्नागिरीकडच्या एका घरातून शिमग्यात नाचणाऱ्या संकासुराची मागणी आली तेव्हा काळा झगा, उंच निमुळती टोपी, कमरेला घुंगरं, असं सगळं केलं. लहानग्यांना त्याची भीती वाटते, म्हणून तो सहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठीच करतो.

पण सगळ्यात जास्त मागणी आहे ती कासवाच्या टेबलाला, आणि माझाही जीव त्यातच आहे. आमच्या तालुक्यात वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले माद्या अंडी घालायला येतात, वर मंडणगडकडच्या वेळासला तर पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लांबलांबून माणसं येतात. आमच्या टेबलावर मधोमध मादी असते. नारळ फोडला की एका वाटीला डोळे असतात, दुसरीला नसतात. बिनडोळ्यांची वाटी पाठीसाठी आणि डोळ्यांची खाली बैठकीला. पाठीची वाटी आधी काचेच्या तुकड्याने खरवडायची, मग जाड आणि शेवटी बारीक पॉलिश पेपर. रंग पूर्ण सुकल्यावरच खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, कारण तेल आधी लागलं तर रंग धरत नाही. पाठीवरचे खवले आम्ही मोजून काढतो. या जातीच्या कासवाला मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना बहुधा सहा किंवा त्याहून जास्त खवले असतात, हिरव्या समुद्री कासवाला चारच. मूल ते मोजणार नाही असं कुणी म्हणेल, पण मोजणारी मुलं असतात आणि त्यांच्यासाठी ते बरोबर असलंच पाहिजे.

मादीपासून टेबलाच्या कडेपर्यंत पिल्लांची रांग. पिल्लं पोफळीच्या विरीची, म्हणजे झावळीच्या बुडाच्या रुंद सालीची, तळहाताएवढी, पोटाखाली पाहुण्या मुलाचं नाव लिहिलेलं. केक झाला की ज्याने त्याने आपलं पिल्लू शोधायचं आणि निळ्या कापडाच्या समुद्रापर्यंत न्यायचं. ‘माजा पिल्लू खंय आसा?’ म्हणत सगळी टेबलाखाली वाकतात. नंतर पिल्लू घरी. या टेबलावर आम्ही दिव्यांची माळ लावत नाही. खरी पिल्लं उजळ क्षितिजाच्या दिशेने धावतात आणि किनाऱ्यावरचे दिवे त्यांना उलट्या दिशेला नेतात, हे वाढदिवसाच्या मुलाला आम्ही सांगतो आणि ते तो बाकीच्यांना सांगतो. दुसरं कारण मोठ्यांसाठी. त्या छोट्या दिव्यांत बटण सेल असतो आणि लहान मुलाने तो गिळला तर अन्ननलिका भाजते. बटण सेल असलेली कुठलीच वस्तू आमच्या पडवीतून बाहेर जात नाही.

तीन वर्षांखालची मुलं येणार असतील तर आणखी एक तपासणी असते. खेळण्यांच्या चाचणीत साधारण 32 मिमी व्यासाची नळी वापरतात. त्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो. आम्ही त्याच मापाची नळी कामाच्या टेबलाला बांधून ठेवली आहे. मणी, हलते डोळे, घुंगरू, सगळं तिच्यात घालून बघायचं. जे मावलं ते त्या टेबलावर जात नाही, डोळे रंगाने काढायचे.

उंचीचा आमचा नियम सोपा आहे. नऊ-दहा इंचांच्या वर जायचं नाही. मुलं बसल्यावर समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे. उंच सजावट फोटोत छान दिसते, पण मुलं तिच्यामागे हरवतात. आणि वाढदिवस असतात संध्याकाळी, अंगणात, खाऱ्या वाऱ्यात. म्हणून बैठकीच्या करवंटीत धुतलेली खडी भरून वर चकती चिकटवतो. मोठ्या कामाला लाकडी चकत्या सावंतवाडीच्या चितारआळीतल्या एका कारागिराकडून कातून आणतो.

इथल्या दमट हवेने आम्हाला पुठ्ठा शिकवला. पावसाळ्यात तो सादळतो, मऊ पडतो. पन्हळी पुठ्ठ्याचे दोन थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवले की वाकत नाहीत. एकाच बाजूला रंग दिला तर वाळताना त्या बाजूला बाक येतो, म्हणून मागचीही बाजू रंगवायची, दिसत नसली तरी. गव्हाच्या पिठाची खळ स्वस्त पडते पण बुरशी धरते. तिच्यात मोरचूद घालायची जुनी रीत आहे, पण ते विष आहे, मुलांच्या वस्तूत नको. पांढरा गोंदच वापरतो.

2020 च्या टाळेबंदीत वाढदिवस घरातल्या घरात होऊ लागले, तेव्हा आम्ही कापून तयार तुकड्यांचे संच करायला लागलो. बाप आणि मुलगी मिळून चिकटवतात, रंगवतात. ते आजही चालू आहे आणि मुंबईला जाणारं बहुतेक काम त्याच रूपात जातं. आता वाडीतल्या चार बायका आमच्याबरोबर आहेत. नगावर नाही, तासावर पैसे देतो, कारण नगावर दिले की घाई होते आणि घाईत नळीची तपासणी राहते.

मे महिन्यात चाकरमानी गावाला येतात आणि सगळ्यांना वाढदिवस अंगणातच करायचा असतो. त्यामुळे मेच्या ऑर्डरी होळीपर्यंतच घेतो. ऑर्डर देताना मुलाचं वय, पाहुण्या मुलांची नावं आणि टेबलाची लांबी तेवढी कळवा. पिल्लांची नावं शाईने लिहिलेली असतात, नंतर बदलता येत नाहीत.