मावशीचं दुखणं आणि ईयोबाचे मित्र

मावशीला भेटायला येणारे बहुतेक जण एकच गोष्ट बोलून जातात, देव ज्याच्यावर प्रेम करतो त्यालाच दुःख देतो. ती नुसती मान हलवते. मला मात्र चीड येते, कारण बायबल इतकं सोपं उत्तर देत नाही ना.

ईयोबाचंच बघा, बायबलमधला हा एक सज्जन माणूस. पोरं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर गळवं, राखेत बसून खापरीने अंग खाजवतोय. तिघे मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत, आणि माझ्या मते तेवढंच त्यांचं बरोबर होतं. मग सुरू झाले, तुझंच काहीतरी पाप असणार. देव वादळातून ईयोबालाही सुनावतो म्हणा, पण शेवटी त्याचा राग भडकतो तो या मित्रांवर.

काल रात्री कूलरसमोर बसून मोबाईलवर ग्रुनेवाल्ड या जर्मन चित्रकाराचं वधस्तंभावरच्या येशूचं चित्र झूम करकरून पाहिलं. 1512 ते 1516 च्या सुमारास इसेनहाइमच्या मठासाठी काढलेलं, आता फ्रान्समधे कोल्मारच्या म्युझियममधे आहे. त्या मठात सेंट अँथनीची आग झालेल्यांची सेवा व्हायची, बुरशी लागलेल्या राय धान्याची भाकरी खाऊन हा आजार व्हायचा, हातपाय आगीसारखे जळायचे, सडायचे, कापावे लागायचे. त्या पेशंटांसमोर त्याने कसा येशू ठेवला तर कातडी हिरवट, अंगभर जखमा, बोटं वेदनेने ताणून वाकडी झालेली. म्हणजे तुमचं दुखणं चांगलं आहे असं तो सांगतच नाहीये, देवाच्या अंगावरही हेच आहे एवढंच दाखवतोय, आणि मला हे कुठल्याही उपदेशापेक्षा खरं वाटतं.

आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1893 साली नागपूरहून राजनांदगावला निघाले होते तेव्हा गाडीत त्यांना बायबलचा नवा करार मिळाला, आणि त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. त्यातही शोक करणाऱ्यांना सांत्वन मिळेल असंच म्हटलंय, शोक करणं थांबवा असं नाही.

यंदा गुड फ्रायडेला आमच्या सदर भागातल्या चर्चमधे येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी चौथ्यावर बोलायचं माझ्याकडे आलंय, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" येशू स्वतः हे ओरडून विचारतो, मग मावशीने का विचारू नये, मी यावरच बोलणार आहे. तिच्या खाटेजवळ येऊन शिकवून जाणारे बहुतेक जण तेव्हा समोरच बसलेले असतील.