तेव्हाची मी

आम्ही १९८७ ला दहावी झालो. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटकराज्य झालं. परवा रविवारी फोंड्याला अकरा जणी जमलो. सोलकढीचा पेला हातात देत माझ्या बाकावरची मैत्रीण म्हणाली, "तू किती भांडायचीस गो! मंगेशीच्या जत्रेत खाजेवाल्यानं मला सुटे कमी दिले, तेव्हा तूच त्याच्याशी हुज्जत घातलीस."

मला काही केल्या आठवेना. मी तर स्वतःला कायम बुजरीच समजत आले, मुलांनाही तसंच सांगितलं. तिला मात्र सगळं लख्ख आठवत होतं: गुळानं चिकट झालेला कागद, खाज्याला येणारा आल्याचा वास, माझा चढलेला आवाज.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर पाच रुपये द्यायला विसरला. उतरताना मी मागून घेतले. हात थोडा थरथरत होता.