तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतः शिवलेलं देववतं कसं?

"स्वतःच्या हातानं शिवलेले कपडे देऊन कसे टाकवतात गं तुला?" जाऊ विचारते, सोसायटीतल्या काकू विचारतात, लक्ष्मी रोडवर ज्यांच्याकडून वर्षानुवर्षं कापड घेते ते काकाही विचारतात. विकतचे कपडे दिले तर कुणी चकार शब्द काढत नाही. घरी शिवलेला कुर्ता दिला की मात्र मी काही निर्दयपणा केल्यासारखे चेहरे होतात. दर वेळी "कपाटात जागा नाही हो" म्हणून मी वेळ मारून नेते. ते खरं उत्तर नाही.

आधी एक सांगते. तुम्ही जे जे सुचवता ते सगळं करून झालंय. गोधडीला धुऊन धुऊन मऊ पडलेली साडी किंवा धोतर लागतं, सलग. कुर्त्याचा गळा आणि मुंढे, म्हणजे बाही बसवायची जागा, कापले की सलग म्हणावा असा तुकडा पाठीचाच काय तो उरतो. घेरासाठी बाजूंना जोडलेल्या कळ्यांच्या कडा तिरक्या, त्या उरेबात, म्हणजे कापडाच्या तिरप्या अंगानं, ओढल्या जातात आणि गोधडी पहिल्याच धुण्यात वाकडी होते. खणाचं तर नावच नको, तो अंगाखाली टोचतो. पिशव्या शिवल्या, वाटल्या. बोहारणीलाही विचारलं. तिला पँटी, शर्ट, जरीच्या साड्या हव्या असतात, पुढे तेच खपतं. माझा कुर्ता तिनं हातात धरून उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "मापाचा हाय ताई, दुसऱ्याला बसायचा न्हाई." तिचं बरोबर होतं. मापाचा व्हावा म्हणूनच तर मी तो शिवला होता.

मग उरतं एकच, 'उसवून वाढव.' ते मी केलं, आणि त्यानंतरच मी कपडे द्यायला लागले.

पाळी जायच्या सुमारास थायरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि 36 ची छाती बघता बघता 41 वर गेली. सगळ्यात जीव होता तो एका निळ्या कुर्त्यात. निळीत रंगवलेलं हातमागाचं सुती कापड, अडीच मीटर. त्याच कापडाची उरेब पट्टी काढून गळ्याला पायपिंग केलेलं, रविवार पेठेत बोहरी आळीत फिरून आणलेली करवंटीची बटणं, काजं हातानं केलेली. शिवणक्लासच्या बाई बजावायच्या, माया सोडताना हात आखडू नका. माया म्हणजे शिलाईच्या आत राखलेलं जास्तीचं कापड. म्हणून बाजूंना ती दीड इंच ठेवली होती. बाजूच्या शिलायांना कडा चार. प्रत्येकीतून सव्वा इंच सोडला तर पाच इंच मिळतात आणि शिलाईपुरता पाव इंच उरतो. कागदावर हिशोब चोख बसला.

रात्री जेवणं आटोपल्यावर उसवायला बसले. टाका अगदी बारीक ठेवला होता, तेव्हा त्याचा केवढा अभिमान वाटला होता. आता ब्लेडच्या टोकानं एकेक टाका तोडताना डोळे चुरचुरायला लागले. शिलाई उघडली आणि आतला रंग दिसला. निळीचा रंग धाग्यात खोल शिरत नाही, वरवर थरांनी बसतो. घासून, धुऊन, उन्हात वाळून तो झिजत जातो. बाहेरून कुर्ता फिकट आभाळी झाला होता आणि मायेच्या दुमडीत जसाच्या तसा, दुकानातून आणला त्या दिवशीचा गडद निळा. पुन्हा शिवल्यावर दोन्ही बाजूंना काखेपासून साइड कटपर्यंत अडीच-अडीच इंचांचे गडद पट्टे उमटले, आणि पट्ट्यांच्या कडांना जुन्या टाक्यांच्या भोकांची रांग. इस्त्रीनं ती भोकं बुजली नाहीत. नखानं घासून पाहिली, पाणी मारून पाहिलं.

तरी मी तो घातला. कर्वे रोडवरच्या एका कार्यालयात भाच्याचा साखरपुडा होता. ओट्यावरचं तबक उचलायला मी हात पुढे केला आणि नणंद मागून म्हणाली, "वहिनी, जरा हात वर करा बघू." मी केला. तिनं काखेखालून कमरेपर्यंत त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, "एवढी ओढाताण कशाला हो करता याची? दुसरा शिवा ना." चेष्टा नव्हती. तिला शिवण कळतं, माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणूनच लागलं. त्यानंतर कोपर अंगाला चिकटवून बसले. वाढायला उठले नाही. फोटोला सगळ्यांच्या मागे उभी राहिले. पाठीत तर ओढ होतीच, कारण बाजू कितीही सोडा, मुंढ्याचं कापड एकदा कापलं की कापलं. मी ती संध्याकाळभर माझं अंग लपवत होते, आणि कशापासून, तर मीच शिवलेल्या कापडापासून. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं.

आता पूर्वीची मी काय म्हणाली असती ते मला ठाऊक आहे. ती म्हणाली असती, घालता येत नाही म्हणून काय झालं, हातचं काम आहे, नुसतं ठेव की. माळ्यावरच्या ट्रंकेत पडू दे. तिला मी सांगते, ट्रंक उघडून बघ. पुण्याच्या पावसाळ्यात डांबराच्या गोळ्या घालूनही घडीवर पिवळे डाग पडतात, खणाला घडीवर चिरा जातात. वापरल्यानं कापड विरतं ते वेगळं आणि नुसतं पडून कुजतं ते वेगळं. यावर ती गप्प बसत नाही. म्हणते, मग शिवतेस कशाला? शिवताना मला जे मिळतं ते शिवतानाच मिळून गेलेलं असतं, असं मी तिला सांगते. ते पुरतं खरं आहे की नाही, याची मला खात्री वाटत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका खाटेचं भाडं देऊन, मुली राहतात. सदाशिव पेठेत घरोघरी तेच, एमपीएससीचा अभ्यास, सकाळी डबा, रात्री उशिरापर्यंत अभ्यासिका. त्यातली एक बीडकडची, माझ्या जुन्या मापाची. तिला तो निळा कुर्ता दिला, पट्टे पुन्हा आत घेऊन, आणि त्याबरोबर आणखी थोडे. मी शिवलेत हे सांगितलं नाही. ते सांगितलं की कपड्याबरोबर ओझंही देतो आपण: जपून धू, फाडू नकोस, मला दिसेल असा घाल. आजही कुणालाच सांगत नाही. माझ्या लेखी देणं म्हणजे एवढंच, बाकी कपाट रिकामं होतं ते दुय्यम.

पण म्हणून मला काही वाटत नाही, असं समजू नका. एप्रिलमध्ये ती जिन्यात भेटली, तोच कुर्ता घातलेला, पण बाह्या मुंढ्यापासून कात्रीनं कापून टाकलेल्या, कडा न दुमडता तशाच, दोरे लोंबत होते. "काकू, उकाड्यात एकदम बेस्ट," म्हणाली. मी हसले आणि घरी येऊन बराच वेळ मशीनपाशी नुसती बसून राहिले. त्या बाह्यांचा घेर मुंढ्यात बसवायला मी दोनदा उसवलं होतं. दुमडून देते म्हणाले असते तर तिनं आनंदानं दिला असता कुर्ता. म्हणाले नाही. बरोबर केलं असं वाटतं, आणि ते दोरे आठवले की तसं वाटत नाही.

आईच्या इरकलीचा कुर्ता मात्र अजून माझ्याच कपाटात आहे. तोही होत नाही मला. लेक म्हणते, "मग तुझा नियम कसला आई? आवडत्याला वेगळा आणि बाकीच्यांना वेगळा?" तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. त्या कुर्त्याला माया फक्त अर्धा इंच आहे, साडीतून तेवढीच निघाली.